फाइन

आमच्या वडगावच्या गल्लीत पहाटे साडेपाचला
पहिला माग सुरू होतो.
मग दिवसभर कुणाचं कुणाला ऐकू येत नाही.
म्हणून मी शब्द आधी ओठांवर बघते,
आवाज मागून येतो, आला तर.

हा शब्द पहिल्यांदा दिसला शेट्टरांच्या ओठांवर.
साडीच्या काठात दोन धागे तुटलेले.
घडी उलगडून त्यांनी बोट ठेवलं, म्हणाले, फाइन,
आणि वहीत माझ्या नावापुढे चाळीस रुपये उणे.
म्हणजे काय हो, मी कन्नडात विचारलं.
म्हणाले, दंड.
दंड मराठीतही दंडच.
तेवढा एक शब्द दोन्हीकडच्यांनी
न भांडता वाटून घेतलाय.

पुढे तो भिंतीवरही भेटला. घाण केल्यास फाइन.
वर कन्नड, मधे इंग्रजी,
खालची मराठी ओळ चुन्याखाली,
भिंत ओली झाली की अर्धीमुर्धी वर येते.

मग परशरामची छाती धरली.
सुताची कुसं, वीस वर्षांची.
मोठ्या दवाखान्यात तीन तास बाकावर बसलो.
डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडापुढे धरला,
बराच वेळ बघितला,
आणि हसून म्हणाल्या, फाइन.
मी कनवटीची गाठ सोडली.
किती, म्हटलं.
नर्स गोकाकची होती, महादेवी.
तिने माझी मूठ मिटली.
‘रोक्क ब्याड अक्का, आराम अदारंत.’
पैसे नकोत. बरा आहे म्हणे तो.
आराम हाही शब्द आमच्या दोघींचा निघाला.
पण हसून दंड करणारी बाई
मला रात्रभर कळली नाही.

म्हणून बुधवारी शाळेच्या मागच्या खोलीत गेले.
बायकांसाठी इंग्रजी, फुकट.
शिकवायला फिलोमिना टीचर, खानापूरकडच्या,
मराठी बोलताना मधेच कोकणीत घसरणाऱ्या.
हाऊ आर यू, त्या एकेकीला विचारत गेल्या.
कस्तुरी म्हणाली, आय ॲम फाइन.
तिच्या घराला महिनाभर कुलूप, ती माहेरी.
मैमूना म्हणाली, आय ॲम फाइन.
तिचा माग गेल्या शुक्रवारी भंगारात गेला.
गौरव्वा म्हणाली, आणि मीच सकाळी
तिला चुलीसाठी लाकडं दिलेली.
माझ्यापाशी आल्या तेव्हा मी उभी राहिले.
टीचर, म्हणजे आम्ही सगळ्या दंडातल्या का?

वर्ग हसला. टीचर हसल्या नाहीत.
जाड कोश काढला, पान बोटाने ओलं करून उलटलं.
आणखी एक अर्थ आहे गं, म्हणाल्या. बारीक.
बारीक वाळू. बारीक सूत.

हा मला येत होता, शब्दाशिवायच.
बारीक सूत बोटावरून जाताना लागतसुद्धा नाही,
नसलं की मात्र लगेच कळतं.
मी टीचरना समजावलं, पहिल्यांदाच मी त्यांना:
सूत फाइन असलं की लवकर तुटतं,
तुटलं की फाइन.
मग छान म्हणायचं तेव्हा कुठलं फाइन घ्यायचं?
त्यांनी खडू खाली ठेवला.
पुढच्या बुधवारी सांगते, म्हणाल्या.

घरी आले तेव्हा परशराम कांड्या भरत होता.
शेजारच्या चारही मागांचा दणका भिंतीतून येत होता.
दारातूनच विचारलं, हाऊ आर यू?
‘काय म्हणूलीस?’
पुन्हा विचारलं, सावकाश, ओठ मोठे करून.
त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं.
खोकला आला तो आधी होऊ दिला.
मग चिमटीतला धागा
दिव्यापुढे उंच धरून दाखवला.
दारातून मला काहीच दिसेना,
फक्त दोन बोटं,
काहीतरी धरल्यासारखी.